पहिल्या फॉर्मपासून पदवीच्या कागदापर्यंत : गडचिरोली-चंद्रपूरकडच्या पोरापोरींसाठी

मागच्या जूनमध्ये एक मुलगी वडिलांसोबत आमच्या कॉलेजात आली. पहाटेच्या एसटीने निघालेली दोघं साडेदहाला पोहोचली होती. खिडकीवर सांगण्यात आलं, "उत्पन्नाचा दाखला जुना आहे, नवीन आणा." वडिलांनी मान डोलावली, पिशवी उचलली आणि दोघं परत स्टँडकडे निघाली. मी व्हरांड्यात होते म्हणून थांबवून विचारलं. दाखला जुना होता हे खरं, पण प्रवेशाला तो लागतच नव्हता. तो लागणार होता स्कॉलरशिपच्या अर्जाला, आणि त्या अर्जाला अजून वेळ होता. त्याच दुपारी तिचा प्रवेश झाला. नाहीतर दोघांचं भाडं आणि ऐन रोवणीच्या तोंडावर वडिलांच्या दोन रोज्या पाण्यात गेल्या असत्या.

म्हणून आधी हे पाठ करून ठेवा. कोणत्याही खिडकीवर कागद मागितला की विचारायचं, "हा कागद कशासाठी लागतो, आणि कधीपर्यंत?" यात उद्धटपणा काही नाही. आवाज खाली ठेवून विचारा, पण विचाराच.

गोंडवाना विद्यापीठ २०११ साली नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं. गडचिरोली आणि चंद्रपूर एवढेच दोन जिल्हे त्याच्याकडे आहेत. त्याआधी एखाद्या कागदासाठी सिरोंचा-भामरागडच्या पोरांना नागपूर गाठावं लागायचं, जायला एक दिवस, यायला एक. आता विद्यापीठ जवळ आलं, लहान आहे, आणि लहान असण्याचा मोठा फायदा म्हणजे रांग लहान. ग्रंथपालाला तुमचं नाव माहीत होतं, परीक्षा विभागातला बाबू तुमच्या गावाचा पाहुणा निघतो, स्पर्धेसाठी दहा जागा असल्या तर नावं चारच येतात. तरीही बऱ्याच जागा रिकाम्या राहतात, कारण त्या आहेत हे पोरांना कोणी सांगत नाही. पुढचं सगळं त्यासाठीच लिहिते आहे. मी स्वतः धानाच्या बांधीतून शिकायला आले, आणि आज याच भागात शिकवते व एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) सांभाळते.

घर सोडण्याआधी : फाईल

बटणाची प्लास्टिकची फाईल घ्या, पावसात पाणी जाणार नाही अशी. त्यात दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी, आधार, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, पासबुकाचं पहिलं पान आणि आठ-दहा फोटो. शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स. मोबाईलमध्ये प्रत्येक कागदाचा स्वच्छ, सरळ काढलेला फोटो आणि पीडीएफ ठेवा. ऑनलाइन फॉर्म भरताना नेट केंद्रावर तेच लागतं. डिजिलॉकर म्हणजे कागद मोबाईलवर ठेवायची सरकारी सोय, तिचं खातं आत्ताच उघडा.

आता नावाकडे बघा. हे मी दर वर्षी ओरडून सांगते. मडावी हे आडनाव इंग्रजीत कोणी 'व्ही' लावून लिहितं, कोणी 'डब्ल्यू' लावून. आधारवर एक, बारावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं, बँकेत तिसरंच. वडिलांचं नाव कुठे पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर. शाळेत कोणाला फरक पडला नाही, पण आता अर्ज संगणक तपासतो आणि त्याला 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन वेगळी माणसं वाटतात. पुढची सगळी नोंद गुणपत्रिकेवरून होते, म्हणून आधार दुरुस्त करून तिच्याशी जुळवून घ्या. चूक गुणपत्रिकेतच असेल तर शाळेमार्फत बोर्डाकडे अर्ज करा. ते काम वेळ खातं, निकाल लागल्या लागल्या सुरू करा.

जात वैधतेचं काम सर्वांत लांबतं, म्हणून ते बारावीतच हाती घ्यायचं. अनुसूचित जमातीसाठी वेगळी तपासणी समिती आहे, तिचं कार्यालय गडचिरोलीत आहे. बाकीच्या प्रवर्गांसाठी जिल्ह्याची समिती. तिथे जुना पुरावा मागतात आणि 'जुना' म्हणजे किती, ते ठरलेलं आहे : अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. घरात शोधून तो सापडत नाही. आजोबा किंवा त्यांचे भाऊ ज्या शाळेत पहिलीत बसले, तिथल्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मागा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसीलमध्ये कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद आणि जमिनीचे जुने अभिलेख बघा. वडिलांना, काकाला, आत्याला आधीच वैधता मिळालेली असेल तर तिची प्रत जोडा, काम खूप हलकं होतं. मामाकडचा दाखला मात्र चालत नाही, वडिलांकडचंच नातं लागतं.

सीमेवरच्या पोरांसाठी आणखी एक गोष्ट. सिरोंच्याची काही मुलं बारावी तेलंगणात करतात, कोरची-कुरखेड्याकडची काही छत्तीसगडात. बोर्ड बदललं की मायग्रेशन सर्टिफिकेट (जुन्या बोर्डाचा स्थलांतराचा दाखला) आणि विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्र लागतं. टीसी घ्याल तेव्हाच मायग्रेशनही मागून घ्या.

आणि मूळ कागद कोणाच्याही हवाली करून येऊ नका. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१८ साली स्पष्ट केलं आहे की प्रवेशाच्या वेळी मूळ कागद तपासून लगेच परत द्यायचे, ठेवून घ्यायचे नाहीत. त्याच सूचनेत प्रवेश रद्द केल्यावर फी किती परत मिळते तेही आहे : प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी रद्द केला तर पूर्ण, त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के, तारीख उलटल्यावर पंधरा दिवसांत ८० टक्के, तीस दिवसांपर्यंत ५० टक्के. नंतर काही नाही. नर्सिंगला किंवा डी.एड.ला नंबर लागल्याने बी.ए. सोडणारी मुलं बरीच असतात आणि ही फी मागायला कोणी येत नाही.

बँकेचं खातं, आणि पैसे अडकतात ते ठिकाण

स्कॉलरशिप तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात येत नाही. आधारशी जे खातं जोडलेलं असतं, त्यात येते. ही एवढी गोष्ट न कळल्यामुळे किती पोरं वर्षभर पासबुक छापून घेत बसतात.

आमच्याकडे एक मुलगा होता. अर्ज मंजूर, रक्कम जमा झाल्याचं पोर्टल दाखवतंय आणि खात्यात शून्य. तीनदा बँकेत जाऊन आला. शेवटी माझ्या टेबलावर बसून आम्ही आधारच्या संकेतस्थळावर शिरलो. तिथे 'बँक सीडिंग स्टेटस' म्हणून एक जागा आहे. मोबाईलवर ओटीपी आला, टाकला आणि पडद्यावर दुसऱ्याच बँकेचं नाव आलं. शाळेत असताना आईने उघडून दिलेलं खातं, तालुक्याच्या गावी, तो विसरूनही गेला होता. पैसे तिथे होते, सगळे. त्याने आईला फोन केला आणि बराच वेळ नुसतं "हो व, हो व" म्हणत राहिला.

तर क्रम असा : आधारला चालू मोबाईल नंबर जोडा (बापाचा हरवलेला नंबर नको), सीडिंग तपासा, चुकीची बँक दिसली तर हव्या त्या बँकेत आधार सीडिंगचा फॉर्म भरा आणि आठवड्याने पुन्हा तपासा. खात्यात थोडा व्यवहार ठेवा, वर्षानुवर्षं हात न लावलेलं खातं बँक निष्क्रिय करते.

स्कॉलरशिपचा अर्ज

अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायचा. अनुसूचित जाती आणि जमातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत लागतं. त्यावर असाल तरी फ्रीशिपची म्हणजे शिक्षण शुल्क माफीची योजना बघा, एकदम मागे फिरू नका. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीच्या योजना वेगळ्या. खुल्या प्रवर्गातल्या कास्तकाराच्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, मर्यादा आठ लाख. मुलींनो, २०२४-२५ पासून शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. इंजिनिअरिंग, फार्मसी, बी.एड. फीच्या भीतीने सोडून देण्याआधी हे घरी वाचून दाखवा.

अर्ज भरला म्हणजे झालं, असं नसतं. तो आधी कॉलेजच्या टेबलावर जातो, मग समाजकल्याण किंवा आदिवासी विकास विभागाकडे. चूक दिसली की तो तुमच्याकडे परत येतो, पोर्टलवर 'सेंट बॅक' असं दिसतं आणि दुरुस्तीला मुदत असते. ते बघायला दर सोमवारी लॉगिन करा. पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. नेट केंद्रवाल्या भाऊच्या भरवशावर राहू नका, त्याच्याकडे शेकडो पोरांचे पासवर्ड असतात. दुसऱ्या वर्षी अर्जाचं नूतनीकरण करावं लागतं, आपोआप काही होत नाही. आणि हजेरी ७५ टक्के धरा. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडून शिष्यवृत्तीतून भरली जाणारी फी आधी भरून घेऊ नये असे शासनाचे निर्देश आहेत. कोणी पूर्ण फी मागितलीच तर प्राचार्यांना लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

राहणं, खाणं, येणं-जाणं

आधी शासकीय वसतिगृहाला अर्ज. आदिवासी मुला-मुलींची वसतिगृहं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाकडे असतात (गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर, चिमूर अशी प्रकल्प कार्यालयं आहेत), अनुसूचित जातीची समाजकल्याणकडे. जागा मोजक्या, म्हणून निकालाच्या आठवड्यातच अर्ज टाका. पहिल्या यादीत नाव नसलं तर दुसरी यादी लागेपर्यंत आठवड्याला एकदा गृहपालांना भेटून या.

जागा नाहीच मिळाली तर रोख मदतीच्या योजना आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. स्वाधारमध्ये नागपूरसारख्या शहरात वर्षाला ६० हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये धरलेले आहेत. वसतिगृहाला अर्ज केला होता, पण जागा मिळाली नाही, याची नोंद या योजनांत उपयोगी पडते. म्हणून तो अर्ज करायचाच आणि त्याची पोच फाईलमध्ये ठेवायची. हे पैसे हप्त्याने आणि उशिरा येतात. जुलैच्या भाड्याची सोय वेगळी करावी लागेल. घरी हे आधीच मोकळेपणाने बोला, म्हणजे मोहफुलाचे, तेंदूपत्त्याच्या हंगामाचे चार पैसे बाजूला राहतात.

खोली बघताना भाडं विचारण्याआधी पाणी विचारा, उन्हाळ्यातलं. आमच्या भागात मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि सत्राच्या परीक्षा नेमक्या त्याच सुमारास येतात. पत्र्याच्या खोलीत दुपारी अभ्यास होत नाही. मुलींनी रस्त्यावरचे दिवे आणि कॉलेजपासूनची वाट संध्याकाळी सातला एकदा चालून बघावी, सोबत कोणाला तरी घेऊन. तिघी-चौघींनी मिळून स्वयंपाक केला तर मेसपेक्षा स्वस्त पडतो. तांदूळ घरचा असतोच.

रोज येऊन-जाऊन करणार असाल तर एसटीचा विद्यार्थी पास काढा, दोन-तृतीयांश भाडं वाचतं. कॉलेजचं बोनाफाईड लागतं. गाडीची वेळ तासिकेशी जुळत नसेल तर दहा-बारा जणांच्या सह्यांचा अर्ज आगारप्रमुखांना द्या, प्राचार्यांचं पत्र जोडून. अशा अर्जावर गाडीची वेळ बदललेली मी पाहिली आहे.

पहिले पंधरा दिवस : कोणाकोणाला भेटायचं

विषयाच्या सर-मॅडमना तुम्ही भेटालच. त्यांच्याशिवाय तीन माणसं अशी आहेत, ज्यांच्यापर्यंत स्वतः चालत जायचं.

एक ग्रंथपाल. 'एन-लिस्ट' नावाची सोय बऱ्याच कॉलेजांनी घेतलेली असते. त्यातून हजारो नियतकालिकं आणि ई-पुस्तकं मोबाईलवर फुकट वाचता येतात, पण लॉगिन ग्रंथपालच देतात आणि न मागता कोणाला मिळत नाही. जुने प्रश्नसंचही त्यांच्याच कपाटात असतात. दुसरे एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी, त्यांच्याबद्दल पुढे. तिसरं माणूस परीक्षा विभागातलं. फॉर्म भरायची शेवटची तारीख, हॉल तिकीट, गुणपत्रिकेतली चूक, सगळं त्यांच्या हातात असतं. त्यांना कामापुरतं भेटू नका. येता-जाता नमस्कार करा, नाव लक्षात ठेवा. लहान जागी माणूस ओळखीने चालतं आणि ही ओळख कोणाच्याही शिफारशीशिवाय होते.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेली सूचना खरी धरण्याआधी नोटीस बोर्डावर किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बघा. परीक्षेची तारीख पुढे गेल्याची अफवा दर सत्रात फिरते.

अभ्यास, आणि भाषेची भिंत

घरी माडिया, गोंडी, तेलुगू किंवा बंगाली बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीच परकी वाटते, मग पुस्तकातलं इंग्रजी तर दूरच. वर्गात गप्प बसणारी मुलं ढ नसतात, ती मनातल्या मनात भाषांतर करत असतात आणि तोवर मास्तर पुढे गेलेले असतात. यावर माझ्याकडे एकच कसाला उतरलेला उपाय आहे. प्रत्येक विषयाची एक छोटी वही करा. डाव्या पानावर शब्द जसा पुस्तकात आहे तसा, उजव्या पानावर आपल्या भाषेत त्याचा अर्थ, जमल्यास आपल्या गावातल्या उदाहरणासह. अर्थशास्त्राच्या एका मुलीने 'मध्यस्थ' या शब्दापुढे लिहिलं होतं : 'आठवडी बाजारात मोहफूल मोजून घेतो तो.' तिला तो धडा पुन्हा समजावून सांगावा लागला नाही. परीक्षेचा फॉर्म भरताना माध्यम कोणतं लिहिलं आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मराठीत लिहायचं असेल तर तिथे मराठीच हवं.

नव्या शैक्षणिक धोरणात गुणांसोबत श्रेयांक (क्रेडिट) मोजतात आणि ते अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा होतात. आधारवरून हे खातं डिजिलॉकरमध्ये उघडतं. पुन्हा तोच 'व्ही-डब्ल्यू' : नाव जुळलं नाही तर श्रेयांक दिसत नाहीत. केंद्र सरकारच्या स्वयम् पोर्टलवरचे ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट शिकता येतात (वरची स्वयम् योजना वेगळी). त्यांचे श्रेयांक तुमच्या पदवीत धरले जातात का, हे विभागप्रमुखांना आधी विचारून मगच परीक्षेचे पैसे भरा.

पेपर अनपेक्षितपणे वाईट गेला तर रडून घरी जाऊ नका. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, ती विषयाच्या शिक्षकांना दाखवायची, आणि त्यांना गुण कमी वाटले तरच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरायचे. निकालानंतर याला थोडेच दिवस असतात.

पावसाळ्याचं एक सांगते. पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपल्याला माहीत आहे, वेळापत्रक लावणाऱ्याच्या डोक्यात ते असतंच असं नाही. नदी-नाल्यापलीकडच्यांनी पेपरच्या आदल्या दिवशी अलीकडे येऊन मैत्रिणीकडे, नातेवाइकाकडे मुक्काम करावा. तरीही अडकलात तर त्याच दिवशी प्राचार्यांना फोन करा, पाण्याखालच्या पुलाचा फोटो काढा, तलाठी किंवा ग्रामपंचायतीचं पत्र घ्या आणि लेखी अर्ज द्या. उशिरा दिलेल्या अर्जाला कोणी विचारत नाही.

रांग लहान आहे तिथे उभं राहा

एनएसएस १९६९ साली सुरू झालं. वर्षाला १२० तास काम, दोन वर्षांत २४०, आणि एखाद्या गावात सात दिवसांचं विशेष शिबिर. प्रमाणपत्रासाठी नाव टाकणारी मुलंही शिबिरातून परतताना वेगळी असतात. ज्या मुलीने वर्गात कधी तोंड उघडलं नाही, ती ग्रामसभेपुढे माईक धरून गोंडीत बोलली आणि म्हाताऱ्या बाया पुढे सरकून बसल्या. तो दिवस मी विसरत नाही. तिथे तिची भाषा कामाची होती, आमची नव्हती. सैन्यात जायचं मनात असेल तर एनसीसी बघा. 'सी' प्रमाणपत्र आणि पदवीत किमान ५० टक्के असतील, तर अधिकारी पदाच्या विशेष प्रवेशात लेखी परीक्षा न देता थेट एसएसबी (सैन्याच्या निवड मंडळाच्या) मुलाखतीसाठी अर्ज करता येतो.

राज्यपाल हे विद्यापीठांचे कुलपती, त्यांच्या पुढाकाराने सगळ्या विद्यापीठांच्या राज्यस्तरीय स्पर्धा होतात : कलेची 'इंद्रधनुष्य', खेळांची 'अश्वमेध', संशोधनाची 'आविष्कार', आणि आपत्ती व्यवस्थापनाचं 'आव्हान' शिबिर. पुण्या-मुंबईच्या विद्यापीठात त्या संघात शिरायला शेकडोंतून वर यावं लागतं. आपल्याकडे वर्गातून हात वर केला तरी निवड चाचणीपर्यंत पोहोचता. झाडीपट्टीच्या नाटकात दिवाळीनंतर रात्र-रात्र उभी राहिलेली पोरं वडसा-सिंदेवाहीकडे किती आहेत! त्यांची रंगमंचाची भीती घालवावी लागत नाही. त्यांनी सांस्कृतिक विभागाकडे जाऊन फक्त नाव द्यायचं आहे.

'आविष्कार'विषयी थोडं सविस्तर, कारण तिथे आपली मुलं उगाच मागे राहतात. त्यात सहा गट असतात : मानव्यविद्या-भाषा-ललित कला, वाणिज्य-व्यवस्थापन-विधी, मूलभूत विज्ञान, कृषी-पशुसंवर्धन, अभियांत्रिकी-तंत्रज्ञान, वैद्यक-औषधनिर्माण. पदवीचे विद्यार्थी वेगळ्या स्तरात लढतात, त्यामुळे समोर पीएचडीवाले नसतात. विषय इंटरनेटवर शोधू नका, गावात शोधा. मोहफूल साठवताना कोणत्या भांड्यात लवकर कीड लागते? आजीकडे धानाची किती जुनी वाणं उरली आणि ती का टाकली गेली? गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क (गावाच्या जंगलावर ग्रामसभेचा हक्क) मिळाला, मग तुमच्या ग्रामसभेने बांबूचे पैसे कसे वापरले? पद्धत अशी : एक प्रश्न, एका ओळीत. मग वीस-पंचवीस घरं किंवा एक साधा प्रयोग. रोजच्या नोंदी तारखेसह वहीत. दिवाळीआधी मार्गदर्शक शिक्षकांना दाखवायचं, मग भित्तिपत्रक. परीक्षक पहिला प्रश्न विचारतात, "हे तुम्ही स्वतः केलं का?" नोंदीची मातीने मळलेली वही समोर ठेवली की पुढचं बोलणं सोपं जातं.

हाताला पैसा हवा असेल तर 'कमवा आणि शिका' योजना विचारा. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत तासाच्या हिशेबाने काम मिळतं. पोलीस भरतीचं ग्राउंड मारणाऱ्यांना एवढंच सांगते की पहाटे धावा, पण दहाच्या तासिकेला बसा; भरती निघेपर्यंत पदवीही हातात हवी. स्पर्धा परीक्षांच्या मोफत मार्गदर्शनासाठी प्रवर्गानुसार बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त) आणि टीआरटीआय (आदिवासी) या संस्था आहेत. त्यांतली महाज्योती तर नागपुरातच आहे. जाहिराती त्यांच्या संकेतस्थळांवर येतात आणि मुदत थोडी असते.

अंगावर आलं तर

आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे आणि तो लपवला जातो, मुलींच्या बाबतीत तर हमखास. असेल तर एका शिक्षकाला, एका मैत्रिणीला आणि वसतिगृहाच्या गृहपालांना सांगून ठेवा. थंडी, तहान आणि थकवा यांनी त्रास उसळतो, म्हणून परीक्षेला पाण्याची बाटली हवीच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे. दिव्यांगत्व प्रमाणित ४० टक्के किंवा जास्त असेल तर उच्च शिक्षणात ५ टक्के राखीव जागांचा हक्क मिळतो. ज्यांना लेखनिक घेण्याची मुभा आहे त्यांना तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा आणि परीक्षेच्या दिवशी नव्हे, फॉर्म भरतानाच अर्ज द्या.

मन लागत नाही, झोप येत नाही, जीव नकोसा वाटतो, असं झालं तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर फिरवा. फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलतात. घरची आठवण येऊन पहिल्या महिन्यात रडू येणं वेगळं. पण आठवडे उलटले आणि जेवणच जात नसेल तर कोणाला तरी सांगायचंच. माझ्या खोलीचं दार यासाठी उघडं असतं आणि प्रत्येक कॉलेजात असं एक तरी दार असतं, ते शोधून ठेवा.

रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. छेडछाड किंवा लैंगिक त्रास झाला तर कॉलेजची अंतर्गत तक्रार समिती असते, तिच्या सदस्यांची नावं फलकावर लावणं बंधनकारक आहे. आत्ताच त्याचा फोटो काढून ठेवा. निकाल, फी, कागद, वागणूक अशा इतर तक्रारींसाठी यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे, तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे जाता येतं. तक्रार एका पानात लिहा : काय झालं, कोणत्या तारखेला, तुम्हाला काय हवं आहे. राग पानावर उतरू देऊ नका, तारखा उतरू द्या. दोन प्रती, एकीवर शिक्का आणि सही.

शेवटच्या सत्रात

निकाल लागल्यावर सगळे पांगतात आणि कागद कार्यालयात पडून राहतात. शेवटचा पेपर झाला की ग्रंथालयाची पुस्तकं परत करून ना-देय दाखला घ्या. अनामत रक्कम मागून घ्या, ती तुमची आहे. टीसी, पुढे दुसऱ्या विद्यापीठात जाणार असाल तर मायग्रेशन, आणि सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका क्रमाने लावून तपासा. एखादं सत्र कमी असेल तर आत्ता बाबू ओळखीचे आहेत, दोन वर्षांनी बदललेले असतील. पदवी प्रमाणपत्रासाठी दीक्षांत समारंभाचा वेगळा अर्ज असतो, तो निघाला की भरा. नुसतं पास झाल्याने प्रमाणपत्र घरी येत नाही.

अर्जावर नाव टाकताना बारावीची गुणपत्रिका शेजारी ठेवा. एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा, आपलं, वडिलांचं, आईचं. आणि प्रमाणपत्र हातात पडल्यावर खिडकीवरून हलण्याआधी तिथेच उभं राहून वाचा, 'व्ही' आहे की 'डब्ल्यू'.